डाग गेला, पैसे मिळाले, आणि पावसाळ्यात वास परत आला!

सोफा-गालिचा सफाईचा व्यवसाय सुरू करताय? मग हा फोन तुम्हाला येणारच: "कुत्र्याने गालिच्यावर सू केलीय, वास जाईल ना?" आणि तुम्ही उत्साहात म्हणाल, "शंभर टक्के!"

थांबा. इथेच नवखा माणूस फसतो.

माझ्या एका विद्यार्थ्याने मे महिन्यात असंच काम घेतलं. शांपू मारला, डाग गेला, पैसे मिळाले. जूनमध्ये ताईंचा फोन: "दादा, वास परत आला. आणि कुत्रा पुन्हा तिथेच जातोय!" काम पुन्हा फुकटात करावं लागलं.

असं का झालं? लघवी वर दिसते त्याहून खूप खाली मुरते. सुकली तरी तिचे क्षार तंतूंत राहतात आणि दमट हवेत ओलावा ओढतात. जंतू युरियापासून अमोनिया तयार करतात, म्हणून तो उग्र वास. आपल्याला वास आला नाही तरी कुत्र्याला येतो, आणि तो तीच जागा पुन्हा निवडतो.

मग काम कसं करायचं?

१. आधी पाहणी, मग दर. खोलीत अंधार करून यूव्ही टॉर्च मारा, जुने डाग चमकतात. साबणाचे डागही चमकतात, म्हणून नाकाने खात्री करा. गालिचा उलटा करून पाठही बघा.

२. डाग ताजा असेल तर सुती कापडाने दाबून टिपा. घासू नका. वाफ मारू नका, उष्णतेने डाग आणि वास पक्का बसू शकतो.

३. जुन्या डागाला एन्झाइम क्लीनर. लघवी जिथवर मुरली, तिथवर तो पोचला पाहिजे. बाटलीवर लिहिलेला वेळ पूर्ण द्या.

४. ब्लीच अजिबात नको. रंग उडतो, आणि लघवीतल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू तयार होतो.

५. भदोहीचा हाताने विणलेला लोकरी गालिचा असेल तर जास्त सांभाळा. लोकर आणि रेशीम ही प्रथिनंच, काही एन्झाइम त्यांनाही खातात. लेबल वाचा, कोपऱ्यात आधी थोडं लावून बघा.

६. पंखा लावून दोन्ही बाजू पूर्ण सुकवा. ओलसर गुंडाळलेला गालिचा म्हणजे बुरशीला आमंत्रण.

आता धंद्याची गोष्ट. दर सांगताना दुसरी फेरी त्यातच धरा. पावसाळ्यात एकदा स्वतःहून फोन करा. आणि खालचा फोम पूर्ण भिजला असेल तर स्पष्ट सांगा, "ताई, हा फोम बदलावा लागेल, धुऊन वास जाणार नाही." त्या दिवशी काम छोटं होईल, पण शेजारणीला तुमचा नंबर त्याच ताई देतील.

आजचा गृहपाठ: घरातल्या एका जुन्या पायपुसण्यावर कपभर पाणी ओता, पाच मिनिटांनी उलटून बघा. वरचा डाग केवढा, खालचा केवढा? तेवढं बघितलंत की ग्राहकाला काय सांगायचं ते आपोआप कळेल.