अ‍ॅप बंद झालं, पण गेलेली माहिती?



सातिवलीत परवा बचत गटाची बैठक होती. एका ताईंनी विचारलं, "टिकटॉक बंद केलं ते का? आमच्या गाण्यानाचण्यानं देशाला काय धोका होता?" प्रश्न रास्त आहे. गाळ्यातलं काम उरकून घरी आल्यावर तेवढाच विरंगुळा होता. तर आज त्यावरच बोलू या.

जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात आपले वीस जवान शहीद झाले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २९ जूनला, केंद्र सरकारनं ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होतं, तसंच शेअरइट, यूसी ब्राउझर आणि कॅमस्कॅनरही होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली सरकारला हा अधिकार आहे.

धोका गाण्यात नव्हता, परवानगीत होता. अ‍ॅप घेताना ते विचारतं, "फोनमधले नंबर पाहू? फोटो पाहू? तुम्ही कुठे आहात ते पाहू?" आपण न वाचता हो म्हणतो. एका बाईच्या नंबरांनी फारसं काही बिघडत नाही. पण कोट्यवधी लोकांची माहिती एका जागी जमली, त्यात जवानांच्या आणि पोलिसांच्या घरची माणसंही आली, की कोण कुठे आहे आणि कोणाशी बोलतं ते कळू शकतं. ही माहिती गुपचूप देशाबाहेर जाते, अशा तक्रारी आल्याचं सरकारनं सांगितलं. चीनमध्ये २०१७ पासून कायदाच आहे, की गुप्तचर यंत्रणेला तिथल्या कंपन्यांनी सहकार्य करावं.

दुसरी बाजूही ऐका. आपण चीन सरकारला भारतीयांची माहिती दिलेली नाही, असं टिकटॉकनं सांगितलं होतं. सरकारनंही पुरावे लोकांपुढे मांडले नाहीत. या कलमाखालची कारवाई नियमानुसार गोपनीय असते.

अशा निर्णयांची झळ रोजगारालाही लागते. पुण्याजवळ तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना होता. तो घेऊन ३,७७० कोटी रुपये गुंतवण्याचा करार चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सनं जून २०२० मध्ये राज्य सरकारशी केला. गलवाननंतर तो थांबवला गेला आणि पुढे बारगळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथलं उत्पादन बंद झालं. कारखाना ह्युंदाईनं घेण्याचा करार व्हायला २०२३ उजाडलं. कारखान्याला कुलूप लागलं की चुलीवर काय परिणाम होतो, हे सातिवलीच्या बायांना वेगळं सांगायला नको.

आता आपल्या अगदी जवळचा विषय. फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारनं कर्ज देणारी ९४ आणि सट्ट्याची १३८ अ‍ॅप्स बंद केली. त्यातल्या अनेकांचे धागे चीनशी जोडलेले असल्याचं सांगण्यात आलं. अशी कर्जाची अ‍ॅप्स कागदपत्रांशिवाय चार-पाच हजार देतात आणि आधी फोनमधले नंबर उचलतात. हप्ता चुकला की भावाला, सासऱ्यांना, शेजाऱ्यांना फोन जातात. फोटो बिघडवून पाठवण्यापर्यंत मजल जाते. लाजेपोटी बाई कुणाला सांगत नाही, आणि दुसरं कर्ज काढून पहिलं फेडते.

मैत्रिणींनो, बंदी येते तोवर माहिती निघून गेलेली असते. ती परत आणता येत नाही. शिवाय एक अ‍ॅप बंद झालं की तसलंच दुसरं नव्या नावानं येतं. म्हणून सरकारचं काम सरकार करेल, आपल्या फोनची राखण आपणच करायची.

पुढच्या बैठकीत दहा मिनिटं काढा. प्रत्येकीनं फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या अ‍ॅपला कशाची परवानगी दिली आहे ते पाहावं. टॉर्चच्या अ‍ॅपला तुमचे नंबर कशाला हवेत? अशी परवानगी काढून टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून अ‍ॅप घेऊ नका. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनं तुमचे नंबर आणि फोटो पाहू नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. जे मागतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. धमक्या येत असतील तर त्या पुसू नका, जपून ठेवा आणि पोलीस ठाण्यात दाखवा.

आणि अडचण आली तर आधी गटात बोला. गटाचं कर्ज मिळायला दोन दिवस जास्त लागतील, पण गट तुमच्या सासऱ्यांना धमकीचे फोन करत नाही.