विश्लेषण : हॅम रेडिओचा अँटेना लावायला टॉवरवर चढताना जीव कशावर टांगलेला असतो?

वीज गेली, मोबाइलचे नेटवर्क गेले, तरी बॅटरीवर चालणारा एक संच आणि उंचावर बांधलेली एक तार यांच्या बळावर दूरच्या माणसाशी बोलता येते. हाच हॅम रेडिओ, म्हणजे केंद्र सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन करायचा हौशी रेडिओचा छंद. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर वीज आणि मोबाइल दोन्ही बंद पाडले, तेव्हा अशा पर्यायी संपर्काची गरज सगळ्यांनाच कळली.

पण ती तार उंचावर कोणीतरी चढून बांधावी लागते. मोबाइल कंपनीच्या टॉवरवर चढणाऱ्या कामगाराच्या मागे निदान कागदावर तरी ठेकेदार, परवानगी, सुरक्षा अधिकारी असतात. हौशी माणूस रविवारी सकाळी दोन मित्रांना बोलावतो आणि चढतो. ‘थांब’ म्हणणारे कोणी नसते.

टॉवर हवाच कशाला?

अँटेना जमिनीपासून साधारण अर्ध्या तरंगलांबीइतका उंच असला, तर लहरी दूरवर जाण्यासाठी योग्य कोनात निघतात. हॅम मंडळींच्या आवडत्या १४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तरंगलांबी सुमारे २१ मीटर, म्हणजे उंची साडेदहा मीटरच्या आसपास हवी.

पनवेलजवळच्या ओवे परिसराचे उदाहरण घेऊ. एका बाजूला खारघरचे टॉवर, दुसऱ्या बाजूला तळोजा एमआयडीसी आणि मध्ये गावठाणातली घरे. इथे तीन-चार मजली घराच्या गच्चीने ही उंची जवळजवळ आधीच दिलेली असते. त्यावर पाच-सहा मीटरचा पाइप उभा केला की बहुतेकांचे काम भागते. त्याहून उंच जायचे असेल, तर नवी मुंबई विमानतळ इथून काही किलोमीटरवरच आहे. उंचीचे निर्बंध तपासल्याशिवाय लोखंड विकत घेऊ नये.

पट्टा घातला म्हणजे झाले का?

नाही. मोठा गैरसमज इथेच आहे. कमरेचा जुना सेफ्टी बेल्ट पडणाऱ्या माणसासाठी नव्हेच. झटका थेट कण्यावर आणि पोटावर येतो, शिवाय माणूस उलटा होऊन पट्ट्यातून निसटू शकतो. मांड्या, खांदे आणि छाती धरणारा फुल बॉडी हार्नेस हवा, त्यावर आयएस ३५२१ हा मानक क्रमांक आणि आयएसआय चिन्ह हवे. हेल्मेटही हनुवटीखाली पट्टा असलेले हवे. दुचाकीचे नको, त्यात वर बघताना मान अडते.

हार्नेसला जोडलेली दोरी म्हणजे लॅनयार्ड. ती दोन हुकांची असावी. वर सरकताना आधी एक हुक वर अडकवायचा, मगच खालचा सोडायचा. एक क्षणही दोन्ही हुक सुटे नसावेत. पाय दुखायला लागले, पाना हातातून निसटला, मधमाशी आली, अशाच क्षणी माणूस चुकतो आणि नेमका तेव्हाच हुक सुटा असेल तर संपलेच. दहा मीटरवरून जमिनीवर यायला दीड सेकंदही लागत नाही, आदळताना वेग ताशी ५० किलोमीटर असतो.

आता गच्चीवरच्या मंडळींसाठी एक हिशेब. लॅनयार्ड दोन मीटरचा. त्यातला झटका शोषणारा भाग उलगडून आणखी पावणेदोन मीटरपर्यंत लांबतो. पाठीवरच्या कडीपासून पायांपर्यंत दीड मीटर, वर एक मीटर शिल्लक ठेवायची. बेरीज होते सव्वासहा मीटर. म्हणजे हुक जिथे अडकवला त्याच्या खाली एवढी मोकळी जागा नसेल, तर दोरी ताणली जाण्याआधीच माणूस स्लॅबवर आदळतो. पाच मीटरच्या पाइपावर लांब लॅनयार्ड लावून हुक पायाशी अडकवणारा माणूस हार्नेस घालूनही असुरक्षितच असतो. हुक नेहमी डोक्याच्या वर, दोरी शक्य तितकी आखूड. आणि हुक टॉवरच्या मुख्य भागाला अडकवायचा, अँटेनाच्या नळीला कधीच नाही.

हार्नेसने झेलले, मग पुढे?

हा प्रश्न चढण्याआधी विचारायचा. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचते, मेंदूकडे जाणारे कमी होते आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. त्यामुळे एकट्याने चढणे बादच. खाली थांबलेल्यांपैकी एकाला तरी वर चढून माणूस उतरवता आला पाहिजे, त्याच्यासाठी दुसरा हार्नेस आणि दोर तयार हवा. लटकलेला शुद्धीवर असेल तर त्याने दोरीचा फास करून त्यात पाय रोवावेत आणि उभे राहावे. अग्निशमन दलाचा १०१ आणि ११२ हे क्रमांक ठाऊक असतातच, पण गल्लीतून गाडी कुठवर येईल हे आधी पाहिलेले नसते.

खालच्यांनी टॉवरच्या बुंध्याशी उभे राहू नये. १५ मीटरवरून सुटलेला पाना ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेगाने येतो. हत्यारे दोरीने मनगटाला किंवा पट्ट्याला बांधलेली हवीत. अवजड सामान खिशात घालून नेण्याऐवजी पिशवीत घालून दोराने वर ओढावे.

विजेच्या तारांचे काय?

न चढताही जीव जातो तो इथे. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या पाम बे शहरात हॅम रेडिओचा अँटेना घराजवळ उभा करताना तो विजेच्या तारांना लागला आणि एकाच कुटुंबातले तिघे दगावले. त्यांच्यातले कोणी टॉवरवरून पडले नव्हते. धातूचा पाइप धरणारा प्रत्येक हात त्या परिपथाचा भाग होतो.

खारघर परिसरात ४०० केव्हीचे वीज उपकेंद्र आहे, उच्चदाबाच्या वाहिन्या वस्त्यांजवळून जातात, आणि गावठाणात ११ केव्हीच्या तारा गच्चीच्या कठड्याजवळ दिसतात. या तारांवर आवरण नसते. उच्चदाबाच्या तारेला प्रत्यक्ष स्पर्शही लागत नाही, पुरेसे जवळ गेले की ठिणगी उडी घेते. त्यामुळे पाइप आणि अँटेना मिळून होणाऱ्या लांबीपेक्षा तार बरीच दूर हवी. उभारलेला मास्ट कोणत्याही दिशेला कोसळला, तरी तारेपर्यंत पोहोचता कामा नये. जागा नसेल तर तिथे मास्ट नको. ‘जपून करू’ हे उत्तर नाही.

चढण्याआधी आपला संचही बंद करावा आणि त्याची पिन काढून चढणाऱ्याच्या खिशात द्यावी. कोणी सहज बटण दाबले आणि अँटेना चटका देऊन गेला, तर हात आपोआप सुटतो.

जुना टॉवर भरवशाचा असतो का?

खाडीची खारट हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि शेजारी रासायनिक कारखाने. इथे जस्ताचा मुलामा लवकर झिजतो. गंज बहुधा आतून लागतो. पोकळ नळीत पाणी साचते, वरून रंग शाबूत दिसतो. पाना घेऊन बुंध्याशी नळी ठोकून पाहावी, आवाज बोदा आला तर चढू नये. ताणतारांचे क्लॅम्प, टर्नबकल, जमिनीतले हुक आधी खालूनच तपासावेत. उभ्या टॉवरची एकही ताणतार, दुसरी तात्पुरती बांधल्याशिवाय, सैल करायची नाही. जुना टॉवर उतरवताना हा नियम मोडला, तर टॉवर वर चढलेल्या माणसासकट खाली येतो.

हे सारे पावसाआधी करायचे, पण एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग येतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांचा इशारा देते. काम सकाळीच उरकावे. गडगडाट ऐकू आला की हातातला नट अर्धवट ठेवून उतरायचे.

न चढता काम होते का?

बरेचदा होते. बुंध्याशी बिजागरी असलेला मास्ट आडवा करून अँटेना गच्चीवर उभे राहूनच लावता येतो. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या टॉवरवर, तो वर ताणलेला असताना, चढू नये. तो आधी खाली घ्यायचा. आणि १४ मेगाहर्ट्झचा सुमारे दहा मीटर लांबीचा तारेचा अँटेना तर फायबरच्या काठीवर मधोमध टांगून दोन्ही टोके गच्चीच्या कोपऱ्यांना दोरीने बांधली की झाले. अर्थात तेव्हाही कठड्यापासून लांबच उभे राहायचे. मागे सरकत तार ताणणाऱ्याचे लक्ष तारेकडे असते.