पहिल्या गोळीआधीची वही

गुरांना सोसणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने, मेलेली गुरं खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी केली. २००४ साली हे उघड झालं, २००६ मध्ये भारताने त्याचा जनावरांसाठीचा वापर बंद केला. म्हसळ्याच्या चिरगावात आज गिधाडं राखायला लागतात, त्यामागे हेही एक कारण. प्राणी बदलला की औषधाचा गुण बदलतो. म्हणून अलिबाग-मुरुडच्या कुठल्याही घरातली आयबुप्रोफेनची गोळी ‘अर्धीच तर दिली’ म्हणून कुत्र्याला निर्धोक ठरत नाही. तिने जठरात व्रण पडतात आणि पचलेल्या रक्तामुळे शी डांबरासारखी काळी, चिकट होते.

यावर कोणी म्हणेल, औषधानंतर दिसणारी उलटी आणि मलूलपणा आजारानेही येतो, मग दोष औषधालाच का? रास्त शंका आहे. किनाऱ्याच्या दमट हवेत गोचिडं फार; गोचीडतापात कुत्रा तसाही अन्नावरून उठतो, आणि त्यावरचं डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक रिकाम्या पोटी दिलं तर ओकतो. हा गुंता अंदाजाने सुटत नाही. पहिल्या गोळीआधी त्याचं खाणं, पाणी, शी-लघवी वहीत टिपलेली असेल, तरच नंतरचा फरक कळतो. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडवर कुत्रा पाण्याचं भांडं सारखं रिकामं करील, रात्री लघवीसाठी दार खरवडेल; हे अपेक्षितच. वैतागून ते औषध मनानेच एकदम तोडणं मात्र जास्त घातक, कारण तोवर शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी केलेलं असतं. काळी शी किंवा पिवळ्या हिरड्या दिसल्या, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन.