सासू-सासऱ्यांचे कौटुंबिक स्थलांतर

सासू-सासऱ्यांचे कौटुंबिक स्थलांतर म्हणजे विवाहानंतर एका देशात स्थायिक झालेल्या दांपत्याने जोडीदाराच्या परदेशी आईवडिलांना कायमच्या किंवा दीर्घ वास्तव्यासाठी तेथे बोलावून घेण्याची कायदेशीर प्रक्रिया होय. महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्यातील एखादी मुलगी किंवा मुलगा अमेरिका, कॅनडा, जर्मनी अशा देशांत तेथील नागरिकाशी विवाह करून राहू लागल्यावर गावी एकट्या उरलेल्या आईवडिलांचा प्रश्न याच प्रक्रियेशी येऊन ठेपतो. बहुतेक देशांचे कायदे जावई किंवा सून यांना स्वतंत्र प्रायोजक मानत नाहीत; अर्ज करण्याचा हक्क पोटच्या अपत्यालाच असतो. जोडीदाराची भूमिका उत्पन्नाची हमी देण्यापुरती असते. युरोपीय संघाचा मुक्त संचाराचा कायदा आणि जर्मनीतील २०२४ ची तरतूद हे याला महत्त्वाचे अपवाद आहेत.

संज्ञा आणि स्वरूप

या प्रक्रियेत तीन पक्ष असतात. ज्याच्या नात्यावर अर्ज आधारलेला असतो तो अर्जदार किंवा प्रायोजक, ज्यांना स्थलांतर करावयाचे आहे ते लाभार्थी आणि आवश्यकता भासल्यास आर्थिक हमी देणारा सहप्रायोजक. जोडीदाराचे आईवडील हे लाभार्थी असतील, तर मूळ प्रायोजक जोडीदार असतो आणि पती किंवा पत्नी ही सहप्रायोजक ठरते. प्रायोजकत्व हे केवळ निमंत्रण नसून शासनाशी केलेला करार असतो. बोलावलेल्या व्यक्तींचा भार सार्वजनिक निधीवर पडल्यास त्याची भरपाई करण्याचे दायित्व हमीदारावर येते.

अमेरिका

अमेरिकेतील स्थलांतराचा पाया १९५२ च्या स्थलांतर व राष्ट्रीयत्व कायद्यात आहे. १९६५ च्या दुरुस्तीने राष्ट्रनिहाय कोटा पद्धत रद्द केली आणि प्रौढ नागरिकांच्या आईवडिलांना ‘निकटचे नातेवाईक’ या गटात स्थान दिले. या गटाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. भावंडांच्या गटात भारतीयांना दीर्घ प्रतीक्षा करावी लागते. आईवडिलांच्या बाबतीत तशी रांग नसते.

मात्र त्यासाठी अर्जदार अमेरिकेचा नागरिक आणि किमान २१ वर्षांचा असावा लागतो. ग्रीन कार्डधारकाला आईवडिलांसाठी याचिका करता येत नाही. अमेरिकी नागरिकाला आपल्या सासू-सासऱ्यांसाठी थेट याचिका करण्याची सोय कायद्यात नाही. त्यामुळे पुढील क्रम अपरिहार्य ठरतो :

१. अमेरिकी नागरिक प्रथम आपल्या जोडीदारासाठी याचिका करतो आणि जोडीदाराला ग्रीन कार्ड मिळते.
२. नागरिकाशी विवाहित असून त्याच्यासोबत राहणाऱ्या ग्रीन कार्डधारकाला सर्वसाधारण पाच वर्षांऐवजी तीन वर्षांनंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो.
३. नागरिक झाल्यावर तो जोडीदार आपल्या आईसाठी आणि वडिलांसाठी आय-१३० हा नमुना स्वतंत्रपणे भरतो.
४. याचिका मंजूर झाल्यावर आर्थिक हमी, नागरी कागदपत्रे, वैद्यकीय तपासणी आणि मुलाखत हे टप्पे पार पाडले जातात. भारतातील अर्जदारांच्या स्थलांतरित व्हिसाच्या मुलाखती अमेरिकेच्या मुंबई येथील वाणिज्य दूतावासात होतात.

आई आणि वडील यांच्या याचिका वेगळ्या असण्याचा परिणाम दूरगामी असतो. निकटच्या नातेवाइकांच्या गटात लाभार्थ्यावर अवलंबून असलेल्यांना आपोआप व्हिसा मिळत नाही. त्यामुळे घरात अविवाहित धाकटे अपत्य असेल, तर त्याला आईवडिलांसोबत जाता येत नाही. त्याच्यासाठी दुसऱ्या गटातून स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

आर्थिक हमी

आय-८६४ या नमुन्यातील हमीपत्र १९९६ च्या कायद्याने न्यायालयात अंमलबजावणीयोग्य करण्यात आले. प्रायोजकाचे उत्पन्न, बोलावलेल्या व्यक्ती धरून होणाऱ्या कुटुंबसंख्येसाठी ठरलेल्या संघीय दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. नुकतीच नागरिक झालेली मुलगी नोकरी करत नसेल, तर तिच्या पतीचे उत्पन्न आय-८६४अ या नमुन्याद्वारे जोडता येते. सासू-सासऱ्यांच्या स्थलांतरात जावयाचा कायदेशीर सहभाग प्रामुख्याने येथेच येतो.

ही जबाबदारी लाभार्थी अमेरिकेचा नागरिक होईपर्यंत, त्याच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या जमा होईपर्यंत, त्याने स्थायी निवासी दर्जा सोडून देश कायमचा सोडेपर्यंत किंवा त्याचा मृत्यू होईपर्यंत टिकते. घटस्फोटाने ती संपुष्टात येत नाही. विवाह मोडला तरी पूर्वीच्या सासू-सासऱ्यांच्या निर्वाहाची हमी जावयावर कायम राहते. ६५ वर्षांवरील नव्या स्थायी निवाशांना मेडिकेअर ही आरोग्यविमा योजना विकत घेण्यासाठीही सलग पाच वर्षांचे वास्तव्य पूर्ण करावे लागते. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत खासगी विम्याचा खर्च कुटुंबालाच सोसावा लागतो.

कॅनडा

कॅनडात नागरिकाप्रमाणेच स्थायी निवाशालाही आईवडील व आजीआजोबा यांचे प्रायोजकत्व घेता येते. येथेही मूळ प्रायोजक अपत्यच असते. परंतु त्याचा जोडीदार सहस्वाक्षरी करून दोघांचे उत्पन्न एकत्र दाखवू शकतो. त्या स्वाक्षरीबरोबर तोही हमीला समान बांधील होतो. हमीचा कालावधी २० वर्षांचा असून क्वेबेक प्रांतात तो १० वर्षांचा आहे. विभक्त होण्याने किंवा घटस्फोटाने ही हमी रद्द होत नाही.

अर्जांची संख्या उपलब्ध जागांपेक्षा फार मोठी असल्याने निवड सोडतीसारख्या पद्धतीने केली जाते. २०२० च्या शरद ऋतूत इच्छुकांची नोंदणी करण्यात आली आणि २०२१ ते २०२४ या वर्षांतील निमंत्रणे त्याच यादीतून पाठवली गेली. परिणामी २०२० नंतर कॅनडात पोहोचलेल्यांना या काळात संधीच मिळाली नाही. पर्याय म्हणून डिसेंबर २०११ पासून ‘सुपर व्हिसा’ दिला जातो. जुलै २०२२ पासून या व्हिसावर एका प्रवेशात पाच वर्षांपर्यंत राहता येते. किमान एक लाख कॅनडियन डॉलरचे वैद्यकीय विमासंरक्षण ही त्याची अट आहे. या व्हिसाने स्थायी निवासाचा हक्क मिळत नाही.

युरोप

युरोपीय संघाच्या २००४/३८ या निर्देशानुसार स्वतःच्या देशाखेरीज संघातील अन्य सदस्य देशात राहणाऱ्या नागरिकाच्या ‘कुटुंबीयां’त त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांबरोबर त्याच्या जोडीदाराच्या आईवडिलांचाही समावेश होतो. म्हणजे फ्रेंच नागरिक जर्मनीत राहत असेल आणि त्याची पत्नी मेहकर किंवा खामगावची असेल, तर अवलंबित्व सिद्ध झाल्यास तिच्या आईवडिलांना या नियमाचा लाभ मिळू शकतो. तोच फ्रेंच नागरिक फ्रान्समध्येच राहत असेल, तर सर्वसाधारणपणे फ्रान्सचा राष्ट्रीय कायदा लागू होतो.

अवलंबित्वाचा अर्थ युरोपीय न्यायालयाने जानेवारी २००७ मध्ये स्पष्ट केला. स्वीडनमध्ये राहणाऱ्या एका जर्मन महिलेच्या चिनी सासूच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, मूलभूत गरजा भागवण्यासाठी मायदेशातच आर्थिक आधाराची खरी गरज असली पाहिजे. ती कोणत्याही योग्य पुराव्याने सिद्ध करता येते. ‘आम्ही सांभाळू’ असे केवळ आश्वासन त्यासाठी पुरेसे मानणे बंधनकारक नाही. गावी नियमितपणे पाठवलेल्या पैशांच्या बँक नोंदींना यामुळे महत्त्व प्राप्त होते.

जर्मनीत १ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर ठरावीक प्रकारचा कुशल कर्मचाऱ्याचा निवास परवाना प्रथमच मिळालेल्या परदेशी व्यक्तीला आपल्या आईवडिलांना आणि जोडीदार जर्मनीत कायम राहत असल्यास त्याच्या आईवडिलांनाही बोलावता येते. त्यासाठी आरोग्यविम्यासह निर्वाहाची पूर्ण सोय दाखवावी लागते. वृद्धांसाठी विमा मिळवणे हा त्यातील अवघड भाग आहे.

युनायटेड किंग्डमने ९ जुलै २०१२ पासून प्रौढ अवलंबित नातेवाइकांचे नियम अत्यंत कठोर केले. वय, आजारपण किंवा अपंगत्वामुळे दैनंदिन कामांसाठी दीर्घकालीन वैयक्तिक देखभाल आवश्यक आहे आणि ती मायदेशात प्रायोजकाच्या आर्थिक मदतीनेही मिळू शकत नाही, असे सिद्ध करावे लागते. सासू-सासरे या तरतुदीत थेट मोडत नाहीत.

ऑस्ट्रेलिया

ऑस्ट्रेलियात स्थायी पालक व्हिसासाठी ‘कुटुंब संतुलन’ ही कसोटी आहे. किमान निम्मी अपत्ये ऑस्ट्रेलियात कायम राहत असावीत किंवा अन्य कोणत्याही एका देशापेक्षा तेथे अधिक अपत्ये असावीत. एक मुलगी मेलबर्नला आणि दोन मुलगे चिखलीला असलेल्या आईवडिलांना ही अट पूर्ण करता येत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या तात्पुरत्या पालक व्हिसाला ही कसोटी नसून त्यावर तीन किंवा पाच वर्षे आणि एकूण १० वर्षांपर्यंत राहता येते.

बुलढाणा जिल्ह्यातील कागदपत्रे

देश कोणताही असला तरी नाते सिद्ध करणारी कागदपत्रे हा या प्रक्रियेचा कणा असतो. अपत्याच्या जन्म प्रमाणपत्रावर आई आणि वडील या दोघांची नावे असणे आवश्यक असते. आईवडिलांना स्वतःचे जन्म प्रमाणपत्र, विवाहाचा पुरावा, पारपत्र आणि पोलीस पडताळणी प्रमाणपत्रही द्यावे लागते. बुलढाणा जिल्हा नागपूर येथील प्रादेशिक पारपत्र कार्यालयाच्या कक्षेत येतो, तर मुलाखतीसाठी मुंबईला जावे लागते. मलकापूर, नांदुरा आणि शेगाव ही मुंबई–नागपूर लोहमार्गावरील स्थानके आहेत. मेहकर व सिंदखेडराजा परिसर समृद्धी महामार्गाने जोडला गेला आहे.

वृद्धांच्या जन्मनोंदी ही प्रमुख अडचण असते. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ हा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यापूर्वी वऱ्हाडातील गावांत जन्ममृत्यूच्या नोंदी कोतवाल ठेवत असे. ‘कोतवाल बुक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नोंदवह्यांत अनेकदा बाळाचे नाव नसून वडिलांचे नाव, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि तारीख एवढाच मजकूर आढळतो. नोंद न सापडल्यास अनुपलब्धता प्रमाणपत्र घेऊन त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीतील उतारा आणि वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडली जातात. विलंबित नोंदणीसाठी २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो.

जन्मस्थळाच्या रकान्यातही विसंगती निर्माण होते. वऱ्हाडचा भाग असलेला हा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात, १९५० पासून मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. त्यामुळे १९५२ मध्ये जन्मलेल्या व्यक्तीच्या जुन्या दाखल्यावर ‘मध्य प्रदेश’ आणि पारपत्रावर ‘महाराष्ट्र’ असू शकते. गाव एकच असूनही याचे लेखी स्पष्टीकरण देणे हिताचे ठरते.

स्त्रियांच्या नावांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. विवाहानंतर आडनाव आणि मधले नाव बदलते, काही घरांत पहिले नावही बदलले जाते. मुलीच्या जन्मनोंदीत आईचे घरगुती नाव, शाळेच्या दाखल्यात माहेरचे नाव आणि आधार कार्डावर सासरचे नाव असल्यास ती एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागते. आवश्यकतेनुसार नावातील बदल महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध केला जातो. मराठी कागदपत्रांसोबत अनुवादकाच्या स्वाक्षरीचे इंग्रजी भाषांतर द्यावे लागते. पुरावे अपुरे असल्यास अमेरिकी अधिकारी डीएनए चाचणीचा पर्याय सुचवू शकतात.

शेतजमीन आणि नागरिकत्व

स्थायी निवासी झाल्याने भारतीय नागरिकत्व जात नाही. परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम १९९९ नुसार भारतात राहत असताना घेतलेली किंवा वारसाने आलेली शेतजमीन परदेशी गेल्यावरही धारण करता येते; नवी शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. सातबारा नावावर ठेवून शेती बटईने किंवा मक्त्याने देणे आणि व्यवहारासाठी विश्वासू व्यक्तीस मुखत्यारपत्र देणे ही प्रचलित व्यवस्था आहे. परदेशी नागरिकत्व स्वीकारल्यास भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते.

अमेरिकेचे ग्रीन कार्ड घेऊन पेरणी व सुगीसाठी वर्षातील बराच काळ गावीच राहणाऱ्या वृद्धांपुढे वेगळी अडचण उभी राहते. पुनःप्रवेश परवान्याविना एक वर्षाहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास निवासाचा हक्क सोडल्याचे मानले जाऊ शकते आणि सहा महिन्यांहून दीर्घ अनुपस्थितीमुळे नागरिकत्वासाठीच्या वास्तव्याचे सातत्य खंडित होऊ शकते. ज्यांना केवळ नातवंडांच्या जन्मावेळी काही महिने जावयाचे असते, त्यांच्यासाठी पर्यटक व्हिसा अधिक सोयीचा ठरतो.

भारतातील उलट स्थिती

परदेशी व्यक्ती विवाहानंतर बुलढाण्यात राहण्यास आली, तर तिच्या आईवडिलांसाठी भारतात तुल्य तरतूद नाही. नागरिकत्व अधिनियम १९५५ च्या कलम ७अ नुसार भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला, विवाह नोंदणीकृत असून दोन वर्षे टिकला असल्यास, ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीद्वारे नागरिकत्वही मागता येते. या सवलती जोडीदाराच्या आईवडिलांपर्यंत पोहोचत नाहीत. मूळ भारतीय वंशाचे नसल्यास ते सामान्यतः पर्यटक म्हणून मर्यादित काळासाठीच येतात. जिल्ह्यात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे काम जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असते.

हेही पहा

- बुलढाणा जिल्हा
- वऱ्हाड
- ग्रीन कार्ड
- अनिवासी भारतीय
- विशेष विवाह अधिनियम, १९५४