वाचनयंत्र घेताना

ई-पुस्तक म्हणजे कागदाशिवायचे पुस्तक, हे आता खेड्यापाड्यांतल्या पोरांनाही ठाऊक आहे. पण ते वाचायचे कशावर, असा प्रश्न पुष्कळ शिक्षक आणि ग्रंथालयाचे चालक विचारतात. दुकानात गेलात की दुकानदार आधी यंत्र दाखवील आणि मग त्याचे गुण सांगू लागेल. माझे म्हणणे असे की, यंत्र मागाहून. आधी घरी बसून एका कागदावर लिहून काढा: आपण वाचणार काय, वाचणार कोण, आणि कुठे बसून वाचणार. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मी निवड झालीच म्हणा.

ढोबळ मानाने दोन जातींची यंत्रे मिळतात. एक मोबाईल आणि टॅब्लेट. यांचा पडदा आतून उजळतो, रंग दाखवतो, चित्रपटही दाखवतो. दुसरी जात म्हणजे निव्वळ वाचनाची यंत्रे, ज्यांना ई-बुक रीडर म्हणतात. अॅमेझॉन कंपनीचे किंडल हे २००७ सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेत निघाले. त्याआधी २००४ साली सोनी कंपनीने जपानात असले यंत्र आणले होते. कोबो हे नावही ऐकले असेल, ते मूळचे कॅनडातले.

या दुसऱ्या जातीचा पडदा मोठा गमतीचा असतो. त्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पातळ द्रव, आणि त्या द्रवात पांढरे नि काळे कण. एका रंगाच्या कणांवर धन विद्युतभार, दुसऱ्यांवर ऋण. खालून विजेचा दाब दिला की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे तळाशी जातात. काळे वर आले तिथे अक्षर उमटले! एकदा कण जागेवर बसले की ते तिथेच राहतात. त्यांना धरून ठेवायला वीज लागत नाही. वीज खर्च होते ती पान उलटताना, आणि रात्री वाचताना पडद्याच्या कडेचे दिवे लावले तर त्यांना. म्हणून एकदा भारित केलेले यंत्र आठवडेच्या आठवडे चालते. शिवाय हा पडदा कागदाप्रमाणे बाहेरचाच उजेड परत फेकतो. भर दुपारी ओट्यावर किंवा शेताच्या बांधावर बसा, अक्षर स्वच्छ दिसते. तिथे मोबाईलचा पडदा फिका पडतो आणि आपलेच तोंड त्यात दिसू लागते.

आता तुम्ही म्हणाल, मग हेच घ्यावे. थांबा जरा.

मराठीत फुकट आणि कायदेशीर मिळणारी ई-पुस्तके पुष्कळ आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके आहेत, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे ग्रंथ आहेत, ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तके आहेत. पण यांतली बहुतेक पीडीएफ रूपात असतात. पीडीएफ म्हणजे छापील पानाची जशीच्या तशी प्रतिमा समजा. पान जेवढे, तेवढेच राहणार. अक्षर मोठे करा म्हटले तर पानच मोठे होते आणि ओळी पडद्याबाहेर जातात. मग प्रत्येक ओळीला पान डावीकडून उजवीकडे सरकवत बसा!

साधा हिशेब करू. वाचनयंत्राचा सर्वसाधारण पडदा सहा इंची, म्हणजे कर्णाने. त्याची रुंदी भरते सुमारे ९ सेंटिमीटर. मोठ्या आकाराच्या पाठ्यपुस्तकाचे पान जवळजवळ २१ सेंटिमीटर रुंद असते. ते या पडद्यावर बसवले की अक्षर निम्म्याहूनही लहान झाले. त्यात पडदा काळा-पांढरा, म्हणजे नकाशातले रंग गेले. शाळेसाठी असले यंत्र घेणे म्हणजे पैसे पाण्यात. वर्गासाठी दहा इंची साधा टॅब्लेटच बरा. त्यावर तेच पान दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश आकारात दिसते, चित्रे रंगीत दिसतात, आणि ज्या मुलाला दिसत नाही त्याला यंत्र मजकूर वाचूनही दाखवू शकते. मात्र तो मजकूर खऱ्या अक्षरांचा हवा, पानाचा फोटो असून चालणार नाही.

ईपब नावाचा दुसरा प्रकार आहे. त्यात मजकूर पाण्यासारखा वाहता असतो. अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने जुळतात. साठी ओलांडलेल्या वाचकाला ही सोय फार मोलाची. कादंबऱ्या, चरित्रे, लेखसंग्रह असेच वाचन असेल आणि ते ईपबमध्ये किंवा विकत मिळत असेल, तर वाचनयंत्रासारखे सुख नाही. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके २०१६ सालापासून मिळतात. कोबोवर ईपब सरळ उघडते. किंडलवर ते कंपनीच्या सेवेमार्फत पाठवावे लागते, ही सोय २०२२ साली झाली. कॅलिबर नावाचा एक फुकट कार्यक्रम संगणकावर घेतला तर एका प्रकारचे पुस्तक दुसऱ्या प्रकारात बदलता येते. पण जुन्या, युनिकोडपूर्व टंकातले मराठी पीडीएफ त्यात घालाल तर अक्षरांचा नुसता भरडा निघतो, हे आधीच सांगून ठेवतो.

म्हणून पैसे मोजण्यापूर्वी एक परीक्षा घ्या. आपल्याला वाचायचे तेच एखादे मराठी पुस्तक दुकानात किंवा ओळखीच्या माणसाच्या यंत्रावर उघडून पाहा. ‘किल्ल्यावर’, ‘दुसऱ्या’, ‘ज्ञानेश्वर’ असले शब्द शोधा. ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे गेली, ‘दुसऱ्या’तला अर्धा र मोडला, जोडाक्षर पाय मोडल्यासारखे सुटे दिसले, तर ते यंत्र इंग्रजी वाचकासाठी ठेवा. दुकानदार म्हणेल, पुढे सुधारेल. सुधारल्यावर घेऊ म्हणावे.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. विकतचे ई-पुस्तक पुष्कळदा आपल्या मालकीचे होत नाही, वाचण्याची परवानगी तेवढी मिळते. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या यंत्रांतून दुरूनच पुसून टाकल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे खरे. पैसेही परत केले, पुढे कंपनीच्या प्रमुखांनी क्षमा मागितली. तरी रात्रीतून कपाटातले पुस्तक नाहीसे व्हावे, हे कसेसेच वाटते. फेब्रुवारी २०२५ पासून तर किंडलचे विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून यंत्रात घालण्याची जुनी सोयही बंद झाली. याउलट, ज्यांच्यावरचा हक्क संपला आहे अशी पुस्तके खरोखर आपली. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढल्या वर्षारंभापासून ६० वर्षे हक्क चालतो. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांचे लेखन २०११ च्या आरंभापासून सर्वांचे झाले.

यंत्र हाती आल्यावर त्याला जाड वेष्टण घाला. शाईच्या पडद्याची काच दाबाने तडकते आणि मग दुरुस्ती नव्या यंत्राच्या घरात जाते. आणि शाळेचे यंत्र कोणा गुरुजींच्या किंवा बाईंच्या खासगी खात्यावर नोंदवू नका. बदली झाली की यंत्र डेडस्टॉक रजिस्टरात राहते आणि पुस्तके गुरुजींबरोबर दुसऱ्या तालुक्याला जातात. शाळेच्या नावाने वेगळे खाते उघडावे, आणि त्याचा परवलीचा शब्द बंद पाकिटात घालून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा.