किंग स्ट्रीटवरचं गॅरेज

न्यूयॉर्कच्या किंग स्ट्रीटवरची ८४ नंबरची इमारत २०१८ साली पाडली. जागा महागड्या घरांसाठी हवी होती. इमारत दिसायला सामान्यच, मूळची मोटारी ठेवायची. पण १९७७ ते १९८७ तिथं ‘पॅरडाईज गॅरेज’ हा नाचाचा क्लब होता. ती वर्षं त्या शहरात काढलेल्या माणसाला आजच्या क्लबात नेऊ नये. तो चिडतो. मी चिडतो.

साठच्या दशकाचे गोडवे लोक फार गातात. मी तेव्हा डोंबिवलीत पाढे म्हणत होतो, त्यामुळे ते सोडून देऊ. अशा क्लबांची खरी सुरुवात १९७०च्या व्हॅलेंटाइन डेला झाली. डेव्हिड मॅन्कुसोनं ब्रॉडवेवरच्या आपल्या राहत्या जागेत नाचाची पार्टी ठेवली. आमंत्रितांनाच प्रवेश, दारूची विक्री नाही, उत्तम स्पीकर. तोच शिरस्ता गॅरेजनं मोठ्या प्रमाणावर चालवला.

मी क्वीन्समध्ये राहायचो आणि ऑफिसातल्या एका सभासदाचा पाहुणा म्हणून जायचो. गाड्यांसाठीच्या चढावरून वर गेलं, की रिचर्ड लाँगनं बांधलेल्या स्पीकरांतला बेस आधी बरगड्यांना लागायचा, कानाला नंतर. काळे, पोर्टोरिकन, गोरे, बहुतेक समलिंगी. माझ्यासारखा वरणभातवालाही त्यात खपून जाई. दारू नव्हतीच, त्यामुळे बारची वेळ संपायचा प्रश्न नव्हता. उजाडलं तरी नाच चालू.

तबकड्या लावायचा लॅरी लेव्हन. १९८१ साली त्यानं ताना गार्डनरचं ‘हार्टबीट’ लावलं. मिनिटाला १२० ठोक्यांच्या डिस्कोला सरावलेल्या पायांना हा शंभराच्या आसपासचा संथ, जड फंक झेपेना. लोक फ्लोअर सोडून खायला गेले. दुसरा कुणी असता तर घाईनं रेकॉर्ड बदलली असती. लेव्हन मात्र ती लावतच राहिला. काही आठवड्यांत त्याच बेसवर ते लाकडी फ्लोअर हलू लागलं आणि पाठोपाठ शहरातल्या रेडिओवरही ते गाणं वाजू लागलं.

जगाला मात्र त्या काळातलं आठवतं ते ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’. तो सिनेमा ज्या लेखावर बेतला, तो आपण बराचसा रचला होता, हे लेखक निक कोननं पुढे स्वतःच कबूल केलं. आणि १९७९च्या जुलैत शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डींची पेटी स्फोटानं उडवणारे रॉकचे भक्त! त्या पेटीत कुणाचं संगीत जळत होतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, असं माझं आजही मत आहे.

नंतरचं लांबवत नाही. एड्स आला. फ्लोअरवरचे ओळखीचे चेहरे एकेक करून दिसेनासे झाले. सप्टेंबर १९८७ अखेर गॅरेज बंद झालं, डिसेंबरात मालक मायकेल ब्रॉडी गेला. १९९२ साली लेव्हनही गेला, अवघ्या अडतिसाव्या वर्षी. पुढे महापौर जुलियानींनी १९२६चा एक कायदा उकरून काढला: परवाना नसलेल्या खाण्यापिण्याच्या ठिकाणी लोकांनी नाचायचं नाही. तो २०१७ साली रद्द झाला. फारच लवकर म्हणायचं!

आता जुनं फंक फॅशनमध्ये आहे. जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मधला क्लाइड स्टबलफील्डचा ठेका शेकडो गाण्यांनी उचलला, गीतकार म्हणून नाव नसल्यानं त्याच्या पदरात जवळपास काही पडलं नाही. आज तीच रेकॉर्ड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दुकानाच्या भिंतीवर टांगतात. सुई कधी लागेल, देव जाणे.

मध्यंतरी भाचीनं मुंबईत एका हॉटेलच्या गच्चीवर नेलं. टेबलाला किमान बिलाची अट, बाटलीवर फुलबाजी, निम्मे लोक फोन उंचावून उभे. डीजे मिनिटामिनिटाला गाणं बदलत होता. मी जाऊन ‘हार्टबीट’ मागितलं. पोरानं फोनवर शोधलं, कानाला लावून थोडं ऐकलं आणि म्हणाला, “काका, स्लो आहे. लोक बसतील.”

बसले असते तर बिलं वाढली असती, एवढंही त्याला सुचलं नाही.