हळदीतील औषध आणि दाबाखालील वायू

वसमत तालुका 1 मे 1999 रोजी परभणीतून नव्या हिंगोली जिल्ह्यात गेला. तथापि परभणीच्या हळद उत्पादकास वसमतचा बाजार परका झालेला नाही. ‘नॅनो हळद’ हा शब्द आता औषधांच्या जाहिरातींत दिसतो. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी तो समजून घेणे इष्ट होय, कारण शेतकरी प्रथम त्यांनाच विचारतो.

हळदीचा पिवळेपणा कुरकुमिन या द्रव्याचा असतो. वाळलेल्या हळकुंडात ते साधारणतः शेकडा 2 ते 6 असते. औषध म्हणून त्यावर पुष्कळ संशोधन चालू आहे. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून पोटात गेलेले बहुतेक अंगी न लागताच बाहेर पडते. कण लहान केल्यास विरघळणे सुलभ होते. मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान कण गावच्या चक्कीत दळून मिळत नाही. तो विरघळवून, पुन्हा साक्याप्रमाणे बसवून मिळवितात.

सोडावॉटरमधील कार्बन डाय-ऑक्साइड वायू 31 अंश सेंटिग्रेडच्या वर, हवेच्या सुमारे 73 पटींहून अधिक दाबाखाली ठेवला, म्हणजे तो ना धड वायू राहतो, ना धड द्रव. हीच अतिक्रांतिक अवस्था. 31 अंश म्हणजे परभणीच्या वैशाखातील सावलीहूनही कमी. कठीण आहे तो दाब. त्यासाठी जाड पोलादी पात्रे लागतात व खर्चही तसाच येतो.

कुरकुमिन ॲसिटोनसारख्या द्रावकात विरघळवून त्याचा फवारा या वायूत सोडतात. वायू द्रावकास ओढून घेतो. कुरकुमिन त्यात फारसे विरघळत नाही, म्हणून आधार सुटताच अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने खाली बसते. दाब उतरविला की वायू निघून जातो. उष्णता बेताची असल्याने औषध करपत नाही. अर्थात पुडीवर ‘नॅनो’ छापले म्हणजे रोग बरा झाला, असे कोणी समजू नये.

हे काम कारखान्याचे. कच्चा माल मात्र आपला. पॉलिश करताना लेड क्रोमेट हा पिवळा रंग कदापि चोळू नये. त्यातील शिसे विषारी असून लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते, आणि असा माल औषधास बाद ठरतो. हळद काहिलीत गरजेपेक्षा अधिक शिजवू नये, रंग उतरतो. ती मातीवर न पसरता स्वच्छ ताडपत्रीवर, ओलावा शेकडा 10 च्या आसपास येईपर्यंत वाळवावी. बेणे घेताना केवळ उतारा न पाहता त्या जातीतील कुरकुमिनचे प्रमाणही परभणीच्या कृषी विद्यापीठात विचारावे.